निवड करायला बसण्यापूर्वी: गुणवत्ता मोजण्याची माझी पद्धत

फोंड्याजवळच्या कुंडई औद्योगिक वसाहतीत औषधी गोळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात मी कर्मचारी विभाग सांभाळला. आता निवृत्त झाले, पण निवडीचं काम सुटलेलं नाही. डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या शिक्षणसंस्थेच्या समितीवर मी आहे, त्यामुळे शिक्षक भरती निघाली की मुलाखतीला मला बसवतात. ओळखीतले लहान उद्योजक, पतसंस्थेच्या अध्यक्षबाई, देवस्थानच्या शिष्यवृत्ती समितीतली मंडळी फोन करतात आणि विचारतात, "ताई, अर्जांचा ढीग आलाय, निवडायचे कसे?" त्यांना जे तोंडी सांगते, तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

बहुतेक ठिकाणी रीत एकच दिसते. अर्ज टक्केवारीच्या उतरत्या क्रमाने लावायचे, वरचे पाच बोलवायचे, प्रत्येकाशी थोडा वेळ गप्पा मारायच्या आणि जो बरा वाटला त्याला घ्यायचं. इतिवृत्तात लिहायचं, "निवड गुणवत्तेनुसार झाली." माझं म्हणणं असं की या सगळ्या प्रकारात गुणवत्ता मोजलेलीच नसते. गुणवत्ता नेहमी कुठल्या तरी कामाची असते. प्रयोगशाळेत द्रावण तयार करणाऱ्याची वेगळी, सहावीच्या वर्गात अपूर्णांक शिकवणारीची वेगळी, पतसंस्थेच्या खिडकीवर म्हाताऱ्या माणसाला पासबुक समजावून देणाऱ्याची त्याहून वेगळी. काम ठरवल्याशिवाय माणसं एका रांगेत लावली तर ती रांग कशाची आहे हे कुणालाच सांगता येणार नाही.

आधी काम कागदावर उतरवा

जाहिरात देण्यापूर्वी समितीने एकत्र बसून एक पान लिहायचं: निवडलेला माणूस पहिल्या सहा महिन्यांत नेमकं काय करणार आहे? "हुशार, मनमिळाऊ, तडफदार" हे शब्द या पानावर येता कामा नयेत. क्रियापदं यायला हवीत.

कारखान्यात पॅकिंग लाइनवरच्या सुपरवायझरसाठी आम्ही लिहिलेलं पान साधारण असं होतं: आदल्या बॅचचा एकही खोका, एकही पत्रक टेबलावर उरलेलं नाही याची खात्री करून मगच लाइन सुरू करणे. लेबलं किती घेतली, किती वापरली, किती फाडली, किती परत केली याचा हिशेब जुळवणे. चुकलेला आकडा खोडून वर न गिरवता त्यावर एक सरळ रेघ मारून बाजूला बरोबर आकडा, सही आणि तारीख घालणे. रात्रपाळीत दमलेल्या माणसाला न दुखावता त्याची चूक दाखवणे. हे पान लिहून झाल्यावर आमच्या लक्षात आलं की "पदवीधर हवा, इंग्रजी अस्खलित हवं" या जाहिरातीतल्या दोन्ही अटींना या कामात फारसा आधार नाही. नोंदी इंग्रजीत करायच्या असतात, तेवढं इंग्रजी हवंच. पण लाइनवरच्या बायका कोकणी बोलतात, लोडिंगवरची मुलं हिंदी किंवा कन्नड. अस्खलित इंग्रजी कुणाशी बोलणार?

भाषेची अट घालताना गोव्याने तरी दोनदा विचार करायला हवा. पोर्तुगीज अमदानीत सरकारी नोकरीचा दरवाजा पोर्तुगीज भाषेतून उघडत असे. पणजीला १८५४ साली लिसेंव, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळा, सुरू झालं, तिथवर पोहोचलेला माणूस 'शिकलेला'. घरी मोडी वाचणारा, मराठीत जमाखर्च चोख ठेवणारा माणूस त्या मोजमापात अशिक्षित ठरायचा. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, त्यानंतर थोड्याच वर्षांत मोजपट्टी बदलली. माणसांच्या डोक्यातलं ज्ञान तेच राहिलं, पण कुणाची गुणवत्ता वर गेली आणि कुणाची खाली आली. म्हणून मी समितीला प्रत्येक अटीवर एकच प्रश्न विचारायला लावते: ही अट त्या पानावरच्या कुठल्या ओळीसाठी आहे? ओळ सापडली नाही, तर अट काढून टाका.

आमच्या संस्थेच्या शाळेत हे उलट बाजूने दिसलं. गोव्यात बरीच मुलं चौथीपर्यंत मराठीत किंवा कोकणीत शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजी माध्यमात जातात. काल 'अंश' आणि 'छेद' म्हणणाऱ्या मुलासमोर आज 'न्यूमरेटर' आणि 'डिनॉमिनेटर' येतात. तेव्हा गणिताच्या शिक्षिकेच्या पानावर पहिली ओळ अशी यायला हवी: इंग्रजी पुस्तकातला धडा गरज पडेल तिथे मराठीत किंवा कोकणीत उलगडून पुन्हा इंग्रजीत आणणे. उत्तम इंग्रजी बोलणाऱ्या पण मुलांची भाषा न कळणाऱ्या उमेदवाराला या ओळीवर कमी गुण पडतील, आणि ते रास्तच आहे.

टक्केवारीचं काय करायचं

गुण निरुपयोगी आहेत असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. रसायनशास्त्र कच्चं असलेल्या माणसाच्या हाती औषधाची तपासणी देऊ नये. गणितात जेमतेम पास झालेल्याने दहावीला गणित शिकवू नये. पण गुण उंबरठ्यासारखे वापरा: कामाला लागेल तेवढी किमान पातळी ठरवा आणि ती ओलांडलेल्या सगळ्यांना आत घ्या. शिक्षकांच्या बाबतीत किमान पात्रता आणि राखीव जागांची बिंदुनामावली (कुठली जागा कुठल्या प्रवर्गाची, याची क्रमवार यादी) नियमांनीच ठरलेली असते, ती तशीच पाळायची. उंबरठ्याच्या आत आल्यावर ८८ आणि ९१ यांत भेद करायचा नाही. तीच उत्तरपत्रिका दुसऱ्या परीक्षकाने तपासली तर एवढा फरक सहज पडतो.

आपल्या बोर्डाच्या निकालातही एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपण नीट पाहत नाही. गोव्यात खेळात भाग घेणाऱ्या विद्यार्थ्यांना क्रीडा गुण मिळतात आणि दरवर्षी काही मुलं त्या गुणांच्या आधाराने उत्तीर्ण होतात. काही पालक याला सवलत म्हणून नाकं मुरडतात. मला यात चांगली समजूत दिसते. सरावासाठी पहाटे मैदानावर जाणं, हरल्यावर पुन्हा उतरणं ही शिक्षणाचीच मिळकत आहे हे बोर्डाने अधिकृतपणे मान्य केलं. निकालाचा आकडा कशाकशाची बेरीज असावी, हे माणसंच ठरवतात.

परीक्षा सगळ्यांना सारखी असली म्हणजे ती न्याय्य असते, हा समज सर्वांत चिवट. इंग्रजांनी १८५५ पासून सनदी सेवेसाठी खुली स्पर्धा परीक्षा घेतली. प्रश्नपत्रिका सगळ्यांना एकच. फक्त परीक्षा लंडनला. १८७०च्या दशकात वयाची कमाल मर्यादाही २१ वरून १९ वर आणली. समुद्र ओलांडण्याचा खर्च आणि धाडस ज्यांच्या घरात होतं तेच बसू शकले. दादाभाई नौरोजींसारख्यांनी भारतातही एकाच वेळी परीक्षा घ्या म्हणून वर्षानुवर्षं मागणी केली. ती प्रत्यक्षात यायला १९२२ उजाडलं. कागदावर कुणालाही मनाई नव्हती, तरी निवड कुणाची होणार हे प्रश्नपत्रिका उघडण्याआधीच बरंचसं ठरलेलं असे.

सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये, वैद्यकीय प्रवेशातल्या इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणावरच्या निकालात, हीच बाब स्पष्ट मांडली. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती ए. एस. बोपण्णा यांच्या पीठाने म्हटलं की स्पर्धा परीक्षेतले गुण घरच्या सामाजिक, आर्थिक आणि सांस्कृतिक पाठबळाचा हिशेब दाखवत नाहीत. गुणवत्तेचा अर्थ सामाजिक संदर्भातच लावायला हवा. निवड समितीवरच्या प्रत्येकाने हे समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

व्यवहारात हे कसं आणायचं? मी अर्जात एक ऐच्छिक प्रश्न घालते: "शिकत असताना आणखी कोणती जबाबदारी सांभाळली?" सगळ्यांना तोच प्रश्न आणि उत्तराला तीन-चार ओळींची जागा. सत्तरी तालुक्यातल्या एका मुलीने लिहिलं होतं की काजूच्या हंगामात ती बोंडू (काजूची फळं) गोळा करून, बिया वेगळ्या करून मग वाळपईला कॉलेजची बस गाठायची. परीक्षाही त्याच दिवसांत. तिचे ६४ टक्के आणि पणजीत शिकवणी लावून मिळवलेले ७८ टक्के यांत किती अंतर आहे, ते मला त्या चार ओळींनी सांगितलं. पण एक पथ्य पाळा. मुलाखतीत गरिबीची कहाणी वदवून घेऊ नका. कुणाला आपल्या घरच्या अडचणी परक्यांसमोर मांडाव्या लागू नयेत. लिहिलं असेल तर वाचा, नसेल तर तिथेच थांबा.

राखीव जागांबद्दलही इथेच बोलते, कारण समितीत कुणीतरी हमखास म्हणतं, "कोटा आला की गुणवत्ता गेली." भारतीय रेल्वेतल्या अनेक वर्षांच्या आकडेवारीवर अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकोफ यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. राखीव जागांवरून आलेल्या कर्मचाऱ्यांचं प्रमाण वाढल्याने उत्पादकता घटली, असा काहीही पुरावा त्यांना सापडला नाही. वरच्या श्रेणींत तर काही बाबतीत संबंध अनुकूल दिसला. गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप समाजाला अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ साली मिळाला. म्हणजे त्या घरांतली शिकणारी पहिली-दुसरी पिढी आत्ता कुठे आपल्यासमोर अर्ज घेऊन येते आहे. तिच्याकडे उपकाराच्या नजरेने पाहणाऱ्या सदस्याला मी बैठकीतच थांबवते. त्यात संकोच बाळगत नाही.

नाव झाका

पहिली चाळणी लावणाऱ्यांना नाव, पत्ता, फोटो आणि वडिलांचं नाव दिसता कामा नये. कार्यालयातल्या कारकुनाने अर्जांना क्रमांक द्यायचे, वरचा भाग झाकून झेरॉक्स काढायची आणि तीच समितीला द्यायची.

गोव्यात याची गरज जास्तच आहे. आडनाव आणि गाव एवढं कळलं की धर्म, जात, वाडा, कुठल्या देवळाचे महाजन, कुठल्या पक्षाचे, हे सगळं आपण मनातल्या मनात जुळवून मोकळे होतो. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रातल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांत. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढे बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली, आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एक तृतीयांश. ज्यांनी हे अर्ज बाजूला ठेवले त्यांतल्या बहुतेकांना आपण भेदभाव केला असं वाटलंही नसेल. म्हणून सदस्यांच्या चांगुलपणावर मी हे काम सोपवत नाही. झाकलेली झेरॉक्स बरी.

"आम्ही तर गुणवत्ताच पाहतो" असं मोठ्याने म्हणणाऱ्या संस्थांनी आणखी सावध राहावं. एमिलिओ कॅस्टिया आणि स्टीफन बेनार्ड यांनी २०१० साली दाखवलं की कंपनीची मूल्यं म्हणून गुणवत्तेवर भर दिला गेला, तेव्हा प्रयोगातल्या लोकांनी सारखंच काम केलेल्या पुरुषाला स्त्रीपेक्षा जास्त बोनस दिला. आपण निःपक्षपाती आहोत याची खात्री पटली की माणूस स्वतःला तपासायचं सोडतो, असं त्यामागचं कारण असावं. मला तरी ते पटतं.

काम करून दाखवायला लावा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. मुलाखत लहान झाली तरी चालेल.

पॅकिंग सुपरवायझरसाठी आम्ही बॅचच्या नोंदीचं एक पान मुद्दाम चुका पेरून तयार करायचो. एका ठिकाणी आकडा गिरवलेला. एका ठिकाणी लाइन मोकळी केल्याची वेळ पॅकिंग सुरू झाल्याच्या वेळेनंतरची. लेबलांचा हिशेब थोडासा न जुळणारा. संपण्याच्या तारखेचा महिना चुकीचा. पान हातात द्यायचं, वीस मिनिटं द्यायची आणि म्हणायचं, "ही नोंद तुमच्या सहीसाठी आली आहे, काय कराल ते लिहा." त्यानंतर त्याला शेजारच्या खोलीत न्यायचं. तिथे टेबल, रिकामे ट्रे आणि खोके मांडलेले असत. टेबलाखाली दुसऱ्याच ताकदीच्या गोळ्यांचा एक रिकामा खोका टाकून ठेवलेला. सांगायचं एवढंच: "लाइन सुरू करायची आहे, तपासून घ्या."

एकदा दोन उमेदवार शेवटपर्यंत आले. एक विज्ञानाचा पदवीधर, ८९ टक्क्यांचा. त्याने पानावरची प्रत्येक चूक शोधली आणि हिशेबही बिनचूक मांडला. दुसरा आयटीआय झालेला, गुण बेताचे. पानावरची एक चूक त्याच्या नजरेतून सुटली, पण खोलीत शिरल्या शिरल्या तो वाकला, टेबलाखाली पाहिलं, खोका उचलला आणि विचारलं, "हा कुठल्या बॅचचा?" मग दाराजवळच्या कचऱ्याच्या डब्यातही डोकावला. लाइनसाठी आम्ही त्याला घेतलं. पदवीधराचं नाव मी त्याच आठवड्यात कागदपत्र तपासणाऱ्या विभागाकडे पाठवलं, कारण तिथे लागणारी नजर त्याच्याकडे होती. दोघेही गुणवान. नुसत्या गुणपत्रकांवरून ठरवलं असतं तर पहिला चुकीच्या जागी गेला असता आणि दुसरा घरी.

शिक्षिकेसाठी नमुना पाठ सगळ्याच शाळा घेतात. पण तो अनेकदा समितीसमोर होतो आणि समितीतले मोठे लोक मुलांसारखे प्रश्न विचारतात. तसं करू नका. खऱ्या वर्गात घ्या आणि खरी मुलं बसवा. आम्ही सहावीत १/२ + १/३ हे उदाहरण द्यायला सांगतो. कुणी ना कुणी मूल २/५ असं उत्तर देतंच. वरच्या आकड्यांची बेरीज वर, खालच्यांची खाली. त्या क्षणी शिक्षिका काय करते, ते पाहायचं. "चूक, खाली बस" म्हणणारी असते. स्वतःच फळ्यावर बरोबर उत्तर लिहून पुढे जाणारी असते. आणि एखादी म्हणते, "कसं केलंस रे, सांग बघू," त्याला बोलू देते, मग विचारते, "अर्ध्या भाकरीत आणखी तुकडा घातला, आणि आता तुझ्याकडे अर्ध्याहून कमी भाकरी कशी झाली?" २/५ हे १/२ पेक्षा लहान आहे हे मुलाच्या स्वतःच्याच लक्षात येतं. तिच्या बी.एड.च्या गुणांत हे कुठेही नोंदलेलं नसतं.

पाठाला गुण देण्याचा तक्ता आधी तयार ठेवा, आणि पाचपैकी प्रत्येक गुणाचा अर्थ शब्दांत लिहा. या एका मुद्द्यासाठी आमचा तक्ता म्हणतो: चुकीमागचा विचार मुलाकडून वदवून घेतला आणि मुलाने स्वतः दुरुस्त केलं, तर पाच, शिक्षिकेने नीट समजावलं पण मुलाचं ऐकलं नाही, तर तीन, चूक दाखवून पुढे गेली किंवा मुलाला लाजवलं, तर एक. असं लिहिलेलं नसलं की एका सदस्याचा तीन हा दुसऱ्याचा पाच होतो आणि शेवटी आवाज मोठा असलेल्या सदस्याचं खरं ठरतं.

मुलाखतीत तेच प्रश्न, त्याच क्रमाने, प्रत्येकाला. प्रश्न घडलेल्या गोष्टीबद्दल विचारा: "सहकाऱ्याने काम चुकीचं केलं आणि तुम्हालाच ते निस्तरावं लागलं, असा एखादा प्रसंग सांगा. तुम्ही काय केलंत?" प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे गुण लिहा, आपापल्या कागदावर, एकमेकांशी बोलण्याआधी. हा नियम कंटाळवाणा वाटतो, पण त्यामागे कारण आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइकने १९२० साली दाखवलं की सैन्यातले अधिकारी एखाद्या गुणाने प्रभावित झाले की त्या माणसाच्या बुद्धीला, नेतृत्वाला, चारित्र्यालाही चढे गुण देतात. डॅनिएल कानेमान हा मानसशास्त्रज्ञ तरुणपणी, १९५५ च्या सुमारास, इस्रायलच्या सैन्यात भरतीची पद्धत सुधारत होता. त्याने मुलाखतकारांना एकेक गुणविशेष वेगळा विचारून वेगळा मोजायला लावला. ते चिडले, आम्हाला यंत्रमानव बनवताय म्हणाले. निकाल मात्र आधीपेक्षा सुधारले.

पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली कित्येक दशकांचं संशोधन पुन्हा तपासलं. निवडीच्या वेळच्या गुणांचा पुढच्या कामगिरीशी किती मेळ बसतो हे ० ते १ या मापावर मांडलं, तर ठरावीक प्रश्नांच्या मुलाखतीला ०.४२ मिळाले आणि मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीला ०.१९. कामाच्या ज्ञानाची चाचणी ०.४०, काम करून दाखवण्याची ०.३३. कुठलीच पद्धत एकच्या जवळपास जात नाही. म्हणून दोन-तीन पद्धती एकत्र वापरायच्या आणि कुठल्याही एकीवर पूर्ण भरवसा टाकायचा नाही.

काय विचारायचं नाही तेही लिहून ठेवा. लग्न कधी, मुलं किती, नवरा काय करतो, हे विचारायचं नाही. आणि आपला गोंयचा लाडका प्रश्न, "तूं खंयचो? कोणाचो?" (तू कुठला? कुणाचा?), तो चहाच्या वेळीसुद्धा नको.

फोन येतील

जाहिरात निघाल्या दिवसापासून फोन येतात. आमदाराची चिठ्ठी, पंचाचा निरोप, चुलत दिराचा आग्रह. "तो आपलो मनीस, पळय मगो जरा." (आपला माणूस आहे, बघ ना जरा.) यावर मला एकच उपाय लागू पडलेला आहे. एक वही ठेवायची. फोन करणाऱ्याला शांतपणे सांगायचं, "दादा, तुमची शिफारस मी वहीत लिहून घेते, बैठकीच्या सुरुवातीला सगळ्यांसमोर वाचून दाखवतो आम्ही." बरेच जण तिथेच म्हणतात, राहू दे. जे नको म्हणत नाहीत त्यांची नोंद खरोखर वाचायची. आपलं नातं असलेला उमेदवार असेल तर त्या जागेच्या संपूर्ण प्रक्रियेतून बाहेर पडायचं. फक्त त्याच्या मुलाखतीपुरतं उठून जाणं पुरेसं नाही, कारण इतरांना कमी गुण देणंही आपल्याच हातात असतं.

२०२४ साली सरकारी नोकरीसाठी पैसे दिले आणि फसलो, अशा तक्रारींनी गोवा ढवळून निघाला. कुणी दागिने मोडून, कुणी कर्ज काढून पैसे दिले होते. या लोकांना नुसतं लोभी म्हणणं मला मान्य नाही. पैसे किंवा ओळख असल्याशिवाय काही होत नाही, ही खात्री त्यांच्या मनात अनेक वर्षांच्या अनुभवाने बसली होती. कनिष्ठ पदांची भरती एका ठिकाणी, परीक्षेने व्हावी म्हणून कर्मचारी निवड आयोगाचा कायदा २०१९ साली झाला, ते योग्यच झालं. पण आपली शाळा, आपली पतसंस्था, आपला कारखाना त्या आयोगाच्या कक्षेत नाही. तिथे ही खात्री मोडणं आपल्याच हातात आहे.

नोकरी लागल्यानंतर

गुणवत्ता मोजणं नेमणुकीपाशी संपत नाही. बढतीच्या वेळी मी तीन गोष्टींची नोंद वर्षभर ठेवायला सांगते: कुणी नव्या माणसाला काम शिकवलं, कुणी चूक लपवण्याऐवजी स्वतःहून सांगितली, आणि कुणाच्या पाळीत काहीच बिघडलं नाही. तिसरी नोंद सगळ्यांत कठीण, कारण न बिघडलेली गोष्ट दिसत नाही. मशीन बंद पडल्यावर धावाधाव करणाऱ्याचं कौतुक होतं, आदल्या दिवशी तेल घालून ठेवणाऱ्याचं होत नाही. आमच्याकडे हे तेल घालणारं काम बहुधा बायका करत, आणि बढतीच्या यादीत त्यांची नावं मागे राहत.

उत्तम कामगार म्हणजे उत्तम साहेब, हेही गृहीत धरू नका. अॅलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली श्यू यांनी २०१९ साली विक्री विभागातल्या बढत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांत जास्त विक्री करणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता अधिक होती, पण त्यांच्या हाताखालच्यांची कामगिरी तुलनेने खालावली. साहेबाचं काम वेगळं, म्हणजे त्याचं पानही वेगळं लिहायचं. चांगल्या कामगाराला मान द्यायचा तर पगारात आणि हुद्द्यात द्या, त्यासाठी त्याला खुर्चीत बसवायलाच हवं असं नाही.

ज्यांना घेतलं नाही त्यांना कळवा

हे काम बहुतेक समित्या करतच नाहीत. उमेदवार महिनोन् महिने वाट पाहत राहतो, मग कुणाकडून तरी कळतं की जागा भरली, आणि तो ठरवतो की वशिल्यावर भरली. त्याला तसं वाटण्याचा दोष आपला आहे. निर्णय झाल्यापासून आठवड्याच्या आत प्रत्येकाला पत्र किंवा ईमेल जायला हवी, आणि तक्ता नीट भरलेला असेल तर ती लिहायला वेळ लागत नाही. आमच्या शाळेतून जाणारा मजकूर असतो तो असा:

"आपण घेतलेला पाठ समितीने लक्षपूर्वक पाहिला. फळ्याची मांडणी आणि मुलांशी बोलण्याची आपली पद्धत आम्हाला आवडली, या दोन्ही मुद्द्यांवर आपल्याला पाचपैकी पाच गुण आहेत. मुलाच्या चुकीच्या उत्तरामागचा विचार जाणून घेण्याच्या मुद्द्यावर गुण कमी पडले. या वेळी आम्ही आपली निवड करू शकलो नाही. आपलं गुणपत्रक सोबत जोडलं आहे. पुढची जागा निघेल तेव्हा आपण अवश्य अर्ज करावा."

गुणपत्रक जोडायला काही सदस्यांचा विरोध होतो, वाद वाढतील म्हणतात. वाद झाला तर तक्ता उघडून समोर ठेवता येतो, म्हणूनच तो शब्दांत लिहिलेला असतो. पत्राच्या खाली सचिवांचा फोन नंबर घाला आणि सचिवांना सांगून ठेवा की फोन येईल, तो घ्यायचा, आणि त्या उमेदवाराचा कागद हातात घेऊनच बोलायचं.